मन्मथ सरांच्या शहाण्णव खोल्या

मन्मथ सर सोबत असतील तर सोडा पिऊ नका. मी एकदाच प्यायला गेलो होतो. बीडच्या एसटी स्टँडबाहेर भर उन्हात गाड्यापाशी उभा होतो. बाटली तोंडाला लावणार, तोच सरांनी ती हातातून काढून घेतली आणि गाडीवाल्यापुढं परत ठेवली.

"बुडबुडे हायत त्यात," सर म्हणाले.

"सर, सोड्यात बुडबुडे नसतील तर काय भजी असतील?" गाडीवाला म्हणाला.

"मग विकता कावून?"

गाडीवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी समोरच्या रिक्षांकडं बघायला लागलो.

हा माणूस जगात फक्त बुडबुड्याला भ्यायचा. प्राचार्याला भीत नव्हता, कॉलेजातल्या मोकाट कुत्र्यांना भीत नव्हता, माझ्या भाषणालाही भीत नव्हता. पण नारायणगडाच्या जत्रेत साबणाचे फुगे विकणारा दिसला की सर रस्ता ओलांडून पलीकडं. चहा ओतायचा तर कप तिरका धरून, कडेकडेनं, धार तुटू न देता. फेस आलाच तर तो कप माझा. त्यांच्या कृपेनं मी दोन वर्षं फेसाचाच चहा प्यालो.

मी पत्रकं काढणारा माणूस. पाण्यावर काढली, रस्त्यावर काढली, रेशनवर काढली. ज्याचा संताप येत नाही त्यावर मला दोन ओळी लिहिता येत नाहीत. मन्मथ सरांवर लिहायचं तर संताप कुणाचा करायचा, हे ठरवायलाच मला सहा महिने लागले.

सर पाटोद्याचे. घरचं किराणा दुकान, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढली. आईला लकवा झाला म्हणून परत आले. तीन वर्षांनी आई गेली. सर राहिले. बीडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्याला ठाऊक नाही, त्यानं रोजानं बोलावलेला गवंडी डोळ्यांसमोर आणावा आणि त्याच्या हातातून थापी काढून खडू द्यावा. कॉलेजनं त्यांना मागची एक अडगळीची खोली दिली होती. दारावर सरांनी लाल रंगानं लिहिलं होतं: 'आत जिवंत आहेत. चप्पल काढा. शिंकू नका.'

ऑफिसातल्या क्लार्कनं दुसऱ्याच दिवशी बदलीचा अर्ज दिला. खोलीत सरांनी वारलेल्या आईला बसवलंय अशी त्याची पक्की समजूत झाली होती.

आत होत्या पेशी. तुम्ही-आम्ही पेशी म्हटलं की दहावीच्या पुस्तकातलं अंड्यासारखं चित्र आठवतो आणि पान उलटतो. सर त्या जिवंत पाळायचे. काचेची पट्टी, तिच्यावर पारदर्शक रबराचा ठोकळा, ठोकळ्यात केसाएवढ्या बारीक नाल्या आणि नाल्यांच्या कडेनं तिळाएवढ्या खोल्या. एका पट्टीत चोवीस. अशा पट्ट्या चार, म्हणजे खोल्या शहाण्णव. जुन्या प्रिंटरची मोटर इंजेक्शनच्या सिरिंजांना मुंगीच्या पावलानं ढकलायची आणि त्या नाल्यांतून पेशींचं खाद्य रात्रंदिवस सरकत राहायचं. हे सगळं सरांनी हातानं केलेलं. उबेची पेटी कोंबडीची अंडी उबवायची होती, तिच्यावर अजून कोंबड्याचं चित्र होतं.

"साध्या बशीत ठिवल्या तर दोन-चार दिसांत मरतात," सर सांगायचे. "आपल्याच घाणीत बसायचं, त्यातलंच खायचं. उभ्या पाण्यात कोण जगतं? डास. वाहतं ठिवलं की महिनाभर जगतात. पिंडीवर गळती टांगतो का न्हाई आपण? तसंच हे. थेंब मोडला न्हाई पायजे."

'थेंब मोडू नका' हा त्यांचा मंत्र. भराभर उत्तर देणाऱ्या मुलीला, गतिरोधकावरून रिक्षा उडवणाऱ्याला, मी घोषणा द्यायला तोंड उघडलं की मला. आणि बुडबुड्याचं वैर इथलंच. केसाएवढ्या नालीत एक बुडबुडा शिरला तर बोळात हत्ती शिरल्यासारखं होतं. वाटेतल्या पेशी खरवडून घेऊन जातो.

मला हे सगळं पोटभरल्या माणसाचं खूळ वाटायचं. जिल्ह्यात प्यायला पाणी नाही आणि हा गडी तिळाएवढ्या खोल्यांना पाणी पाजत बसलाय, असं मी चारचौघांत बोललोही. मग तात्याची मेंढरं मरायला लागली.

सखाराम तात्या माझे चुलते. आमचं सगळं घराणं मेंढरांमागं. तात्याची वस्ती ज्या ओढ्याला, त्याच्या वरच्या अंगाला दोन वर्षांपूर्वी एक पत्र्याचं शेड उभं राहिलं. आत काय धुतात ते कुणी सांगत नाही, पण धुतल्याचं पाणी ओढ्यात. मेंढरं लगेच मरत नव्हती. चरायची, रवंथ करायची, मग हळूहळू वाळायची, गाभडायची आणि एक दिवस बसलेली उठायची नाहीत. आम्ही अर्ज केले. साहेब आले, बाटलीत पाणी नेलं, एका दिवसाची तपासणी झाली आणि कागद आला: पाणी जनावरांस पिण्यायोग्य.

तो कागद घेऊन मी तात्याला सरांकडं नेलं. तात्यानं चप्पल काढली, पटका काढला आणि शिंक येऊ नये म्हणून नाक धरून आत आले.

सरांनी कागद वाचला. "एक दिवस? तुमचं मेंढरू एका दिवसात मेलं का?"

"न्हाई मास्तर. दीड महिना तरी झुरतंय."

"मग पाण्याला बोलायला महिना तरी द्या की."

असं ठरलं. तात्याच्याच कळपातल्या निरोगी मेंढीच्या काळजाच्या, म्हणजे यकृताच्या, पेशी घ्यायच्या. निम्म्या खोल्यांना चांगल्या पाण्यातलं खाद्य, निम्म्यांना ओढ्याच्या पाण्यातलं. अठ्ठावीस दिवस. दोन्हीकडचं रोज मोजायचं. चांगल्या पाण्याच्या जगल्या आणि ओढ्याच्या झिजल्या, की कुणा साहेबाला तोंड वर करता येणार नाही. जिल्हा कचेरीतली सुनावणी पाच आठवड्यांवर होती. वेळेत बसत होतं. तात्याचे शंभरावर जीव त्या अठ्ठावीस दिवसांवर होते.

सरांनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. असा माणूस सकाळी सकाळी बर्फाचा थर्मास घेऊन खाटकाच्या दारात उभा राहिला. कपाळावर विभूती ताजी. ओळखीचे दोन व्यापारी तिथून जाताना थबकले. एकजण म्हणाला, "आप्पा, दिवस बदलले म्हणायचं!" सर म्हणाले, "शंभर ग्रॅम पुरंल मला." दिवसभर बाजारात तेच चाललं होतं.

मेंढी खाटकाच्या हाती सोडताना तात्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. सरांनी विचारलं, "हिला काय म्हणता?"

"मेंढराला कोण नाव ठिवतंय मास्तर? कपाळावर पांढरा ठिपका, म्हून चांदी म्हणतो."

सरांनी चारही पट्ट्यांवर बारीक अक्षरांत लिहिलं: चांदी.

मग दिवस मोजणं सुरू झालं. वीज गेली की सर मोटर सोडवायचे, खाद्याची बाटली खिळ्याला टांगायचे आणि नळीची चिमटी फिरवत थेंब राखायचे. कॉलेजात इन्व्हर्टर होता, पण तो प्राचार्यांच्या पंख्याला. या दिवसांत सर लातूरला बहिणीच्या वास्तुशांतीलाही गेले नाहीत. बाराव्या दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. चांगल्या पाण्याच्या पेशी भिजलेल्या साबुदाण्यासारख्या टचटचीत, एकमेकींना चिकटून. ओढ्याच्या पेशींच्या कडा सुटायला लागलेल्या.

"झालं की सर! लिहून द्या. मी उद्याच पत्रक काढतो."

"अठ्ठावीस."

"मेंढरं मरायलीत तिकडं!"

"म्हून तर अठ्ठावीस. बाराव्या दिसाचं लिहिलं तर त्यांचा वकील म्हणंल, तेराव्या दिशी सुधारल्या असत्या. थेंब मोडू नका."

मला दम कुठला? पत्रक नाही तर सभा, असं मी ठरवलं. एकोणिसाव्या दिवशी कॉलेजच्या गेटवर. आणि मंचावर सर हवेत, शास्त्रज्ञ माणूस दिसला की लोकांचा विश्वास बसतो. सर नको नको म्हणत होते. मी म्हणालो, "तात्यासाठी." तेव्हा आले. पण जीव सगळा खोलीत. अर्ध्या तासानं कुणीतरी जाऊन उबेचा काटा बघावा म्हणून त्यांनी खोलीची चावी माझ्याकडं दिली. त्या चावीला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

पुढचं मी कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही.

भोंग्याला वीज हवी होती. गेटच्या दिव्याचा खांब बंद होता. सगळ्यांत जवळची खिडकी सरांच्या खोलीची. चावी माझ्या खिशात. मी आत गेलो, चप्पल काढली, काटा बघितला, बरोबर होता. आणि भिंतीवरच्या बोर्डात भोंग्याची पिन खोचून वायर खिडकीतून बाहेर सोडली, दार नुसतं लोटून घेतलं. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, वर पाहुण्यांसाठी उभा पंखा. मोटर त्याच बोर्डावर होती हे मला दिसत होतं. दिसत होतं, पण डोक्यात सभा होती.

सर बोलायला उभे राहिले. एक वाक्य, मग थांबायचे. मग दुसरं. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, जरा धार वाढवा!" लोक हसले. सरही हसले. ओढ्याचं पाणी महिनाभर अंगातून गेलं तर काळजाचं काय होतं, ते त्यांनी इतकं साधं सांगितलं की पुढं बसलेल्या बायका पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. मग भोंगा किंचाळला आणि बंद पडला.

मी माइक फेकून दिला आणि नरड्यानं बोलायला लागलो. आमच्या चळवळीत याचं कौतुक असतं. सरांनी माझा सदरा ओढला.

"वीज कुठून घेतलती?"

"सर, नंतर."

थोड्या वेळानं पुन्हा. "भोंग्याला वीज कुठून घेतलती?"

"सर, लोक ऐकायलेत. बसा."

ते बसले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांच्याकडं बघितलंही नाही, नुसता हात केला. मग त्यांची नजर मंचाखालून जाणाऱ्या वायरीवर गेली आणि वायरीबरोबर खिडकीपर्यंत. पन्नाशीला आलेला तो माणूस मंचावरून उडी मारून अनवाणी पळत सुटला. लोकांना वाटलं पोट बिघडलं. हशा झाला. मी त्या हशावरही एक वाक्य टाकलं.

फ्यूज उडून पाऊण तास झाला होता. मोटर थांबली होती, पेटी थंड पडली होती आणि थांबलेल्या नाल्यांत हवा शिरली होती. मी पोचलो तेव्हा सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक खोली बघत होते आणि वहीत एकेक फुली मारत होते. चांगल्या पाण्याची खोली, फुली. ओढ्याची खोली, फुली. मी दारात उभा. त्यांनी बोर्डात अजून खोचलेल्या पिनेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा मोजायला लागले.

शेवटी मीच बोललो. "सर, ओढ्याच्या सगळ्या मेल्यात ना? तेवढंच लिहून द्या. खोटं कुठंय त्यात?"

"चांगल्या पाण्याच्याबी मेल्या."

"ते नका लिहू."

"मग त्या कशानं मेल्या म्हणून सांगू? ओढ्यानं का तुमच्या भोंग्यानं?"

हे एकच वाक्य ते मला लागेल असं बोलले. त्यातही आवाज चढला नाही.

नव्यानं अठ्ठावीस दिवस मिळणार नव्हते. सुनावणीच्या दिवशी साहेबांनी सरांचा कागद मोठ्यानं वाचला. 'प्रयोगकर्ता जागेवर हजर नसल्यामुळे प्रवाह खंडित झाला. निष्कर्ष काढता येत नाही.' माझं नाव नव्हतं. भोंग्याचंही नव्हतं. शेडवाल्यांचा वकील हसला. साहेबांनी विचारलं, "आणखी काही?" कलेक्टरच्या गाडीपुढं आडवा झोपलेला मी, त्या खुर्चीत गप्प बसून राहिलो. पुराव्याअभावी अर्ज निकाली निघाला.

बाहेर लिंबाखाली तात्या उभे होते. सरांना म्हणाले, "मास्तर, लई भरवसा ठिवलता तुमच्यावर."

"चुकलंच माझं," सर म्हणाले.

मी तिथंच होतो. दोघांच्या मध्ये.

तात्यानं राहिलेली मेंढरं पाटोद्याच्या बाजारात काढली. आता ते दुसऱ्याच्या शेतावर राखणीला जातात आणि वाटेत ओढा लागू नये म्हणून लांबून वळसा घालतात. त्यांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. हे छापून आलं की वाचून दाखवीन. पुढं ते काय म्हणतील ते म्हणतील.

कॉलेजनं तो कागद बरोबर वापरला. 'प्रयोगकर्ता जागेवर हजर नसल्यामुळे' हे शब्द सरांच्याच हातचे, मग पुढच्या वर्षी तास कशाला द्यायचे? खोली महिनाअखेरीला रिकामी करा म्हणून निरोप आला. मी सामान उचलायला गेलो. खरं तर शिव्या खायला गेलो होतो. आत मोटर चालू होती.

"सर, हे काय?"

"चार खोल्या वाचल्या. एकाच पट्टीच्या कोपऱ्यातल्या. तिकडं हवा पोचली न्हाई."

"ओढ्याच्या का चांगल्या?"

"दोन दोन."

"चारांवर काही सिद्ध होतं?"

"न्हाई."

"मग कशाला जपायलात? सुनावणी झाली."

सरांनी सिरिंज बदलली, नळीवर टिचकी मारून बघितली. "सुनावणीसाठी जगायल्या होत्या का त्या?"

चांदी जाऊन दीड महिना होत आला होता आणि तात्याच्या कळपातलं तेवढंच उरलं होतं. ते पाटोद्याला न्यायचं होतं. मोटर एसटीत चालणार नव्हती. सरांनी पट्टी चपट्या डब्यात ठेवली, उबेसाठी डबा बनियनच्या आत पोटाशी धरला आणि आईच्या जुन्या लुगड्यानं करकचून बांधला. नळी शर्टाच्या गळ्यातून बाहेर काढली. तिच्या टोकाला खाद्याची बाटली. ती उंच धरायला माणूस हवा होता. मी धरली.

दुपारच्या पाटोदा गाडीत आम्ही चढलो आणि अख्खी गाडी गप्प झाली. पोट फुगलेला, घामाघूम माणूस, गळ्यातून नळी आणि मागं बाटली धरलेला मी. कंडक्टर घाईनं पुढं आला.

"ओ, दवाखाना मागं राहिला! उलटं कुठं चाललात यांना घेऊन?"

"घरी," सर म्हणाले.

कंडक्टरचा चेहरा पडला. त्यानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "डॉक्टरनं हात टेकले का?" मी काय सांगणार? मान हलवली. त्यानं पुढच्या सीटवरच्या दोघांना उठवलं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "खड्डे बघून घ्या मामा, पेशंट हाय!"

खिडकीशी एक म्हातारी होती, मांडीवर भाजीचं गाठोडं. तिनं सरांना बघितलं, त्यांच्या पोटाकडं बघितलं, आपलं गाठोडं खाली ठेवलं आणि पदरानं त्यांचं कपाळ पुसलं. विभूती पुसली गेली. सरांनी हरकत घेतली नाही. आई गेल्यापासून त्यांच्या कपाळाला कुणाचा हात लागला असेल असं मला वाटत नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"लई दुखतंय का रं बाळा?"

"न्हाई आजी. हळू चाललीय गाडी."

"बायको न्हाई आली संगं?"

"न्हाई. केली न्हाई."

"भाऊ-बहीण?"

"बहीण हाय. लातूरला." मग डोळे न उघडता, "तिला कळवलं न्हाई."

म्हातारीनं कपाळावरचा हात तसाच ठेवला. "असं कसं रं? दुखण्याखुपण्याला घरचं कुणी लागतंय का न्हाई? कोण हाय तुझं?"

गाडी एका पुलावरून गेली. माझा हात खांद्यापासून दुखायला लागला होता आणि मला वाटलं, आता ते खरं सांगतील, कुणी नाही म्हणून.

त्यांनी डोळे उघडले आणि हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

"ह्यो हाय की."

म्हातारीनं वर माझ्याकडं बघितलं. "मग नीट धर की रं," ती म्हणाली.